विटाव्याच्या पुलापलीकडे बंद पडलेली गाडी

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, हे कळव्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीकडे निघालं की तो बुटका पूल लागतो आणि जोराची सर येऊन गेली की त्याच्याखाली तळं झालेलं असतं. मागच्या जुलैतल्या एका बुधवारी सकाळी साडेपाचला मी तिथे पोचले, तेव्हा पाणी रिक्षाच्या अर्ध्या चाकापर्यंत होतं. पहिला गियर, क्लच अर्धा, रेस एकसारखी. मोटरसायकल पार झाली. पलीकडचा चढ चढून दिघ्याच्या बाजूला शंभरेक पावलं गेले असेन, तेवढ्यात तिने दोन झटके दिले आणि बंद पडली.

मी ऐरोलीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळची शिफ्ट सहाची. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली म्हातारी माणसं बाकावर बसून असतात, त्यामुळे उशीर झाला की जिवाला लागतं. गाडी बाबांची, दीडशे सीसीची, २०१२ साली घेतलेली, कार्बोरेटरवाली, म्हणजे इंजिनात जाण्याआधी पेट्रोल आणि हवा एका डबीत मिसळणारी. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी चालवते. तिचं छोटंमोठं काम मी घरीच करते, कारण त्यांनी ते मला मुद्दाम शिकवलं.

त्यांची पहिली शिकवण २६ जुलै २००५ ची. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. तेव्हा मी दहावीत होते. खारेगावात आमच्या चाळीसमोर बाबांची जुनी मोटरसायकल सीटपर्यंत बुडाली, शेजारच्यांचीही बुडाली. पाणी उतरल्या उतरल्या शेजारच्यांनी किक मारली, मारतच राहिले. बाबांनी हात लावला नाही. आधी ठिणगी पाडणारा प्लग काढला, मग गाडी आडवी करून पाणी जाऊ दिलं, मग ऑइलचा नट सोडला. खाली आलं ते दुधाळ चहाच्या रंगाचं. तीन वेळा ऑइल बदलून मगच त्यांनी किकवर पाय ठेवला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोराने वर आला की वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडलेला दांडा. शेजारच्यांचा वाकला होता.

म्हणून त्या बुधवारी चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे “ताई, धक्का स्टार्ट करा, आम्ही ढकलतो” म्हणत पुढे आले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. एअर फिल्टरच्या डब्याला खाली एक छोटी बंद नळी असते, ती काढून बघितली. कोरडी. ऑइलच्या काचेत ऑइल स्वच्छ, मधासारखं. म्हणजे इंजिनाच्या पोटात पाणी गेलेलं नव्हतं. किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, पाहिला. पावसाळी हातमोजा लागून तो चुकून बंद होतो, आणि माणूस अर्धा तास किक मारत बसतो, हे मी माझ्याच गाडीवर अनुभवलेलं आहे. तो चालू होता. सेल्फ दणक्यात फिरत होता, म्हणजे बॅटरीची तक्रार नव्हती. प्लगची टोपी ओढून काढली, स्कार्फने पुसली, परत बसवली. इंजिन फिरत होतं, अधूनमधून एखादी उबळ येत होती, पण पकडत नव्हतं.

पावणेसहा वाजले. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, “जा गं तू, गाडी हितंच ऱ्हाऊ दे, मी हाय की दुपारपर्यंत.” गाडी त्यांच्या बाकड्याला लावली, रिक्षा धरली.

दुपारी अडीचला परत आले तेव्हा ऊन पडलं होतं आणि पुलाखालचं पाणी उतरलं होतं. सीटखालचा प्लगपाना काढला. सुरू न होणाऱ्या पेट्रोल इंजिनाला मी क्रमाने तीनच गोष्टी विचारते: ठिणगी आहे का, दाब आहे का, पेट्रोल पोचतंय का. एका वेळी एकच. लॅबमध्ये मशीन चुकीचे आकडे द्यायला लागलं की रीएजंट म्हणजे तपासणीचं रसायन, ट्यूब आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलायचं नसतं. आकडा सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही. गाडीलाही मी तोच नियम लावते.

प्लग बाहेर आला तो ओलाकच्च. पुसून, वाळवून टोपीत बसवला आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या हेडला टेकवला. प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ठिणगी शेजारीच असेल तर भडका उडतो. किक मारली. ठिणगी निळी, टक टक वाजणारी. पिवळट, मरगळलेली असती तर मी टोपी, वायर, कॉइल या वाटेने गेले असते. मग भोकावर अंगठा दाबून पुन्हा किक. दाबाने अंगठा उडाला. म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. तिसऱ्याचंही मिळालं असं मला वाटलं. प्लग ओला आहे म्हणजे पेट्रोल पोचतंय, नव्हे जास्तच पोचतंय, सकाळपासून सेल्फ मारून मारून फ्लड झालंय. थंड इंजिनाला पेट्रोल वाढवून देणारा चोक बंद केला, रेस पूर्ण उघडली, दहाबारा किका मारल्या, म्हणजे आतलं जादाचं पेट्रोल हवेबरोबर निघून जावं. एक फटका वाजला. बाकी काही नाही.

माझी चूक इथे झाली. प्लग ओला होता एवढं मी बघितलं, कशाने ओला होता ते बघितलं नाही. लॅबमध्ये ट्यूबमध्ये काहीतरी लाल आहे एवढ्यावर मी कधी थांबत नाही. खरं तर तो प्लग हातात घेतला तेव्हा वास नाकाला वेगळा लागला होता आणि पुसल्यावर तो नेहमीसारखा चटकन सुकलाही नव्हता. पण डोक्यात पूल होता. पाण्यातून आलो, पाण्यामुळे बंद पडलो, हे एकदा धरून बसल्यावर नाकाचं कोण ऐकतो?

टपरीपासून थोडं पुढे, दिघ्याच्या बाजूला एक गॅरेज आहे. तिथले काका चांगले कारागीर आहेत, हे आधी सांगते. त्यांनी कार्बोरेटरची वाटी, म्हणजे पेट्रोल साठतं तो खालचा भाग, सोडली. आतलं सगळं जमिनीवर ओतलं, जेटमधून, म्हणजे पेट्रोल वर ओढलं जातं त्या बारीक भोकातून, हवा मारली. “पुलाखालून आलात ना ताई, मग पाणीच ओढलंय,” म्हणाले. नवा प्लग घातला. मग त्यांनी आपली पेट्रोलची बाटली वर लटकवली, तिची नळी कार्बोरेटरला जोडली. अगदी पेशंटला सलाईन लावतात तशी. अर्ध्या किकमध्ये गाडी सुरू. पाच मिनिटं टाकटूक न करता चालली. काकांनी बाटली काढली, टाकीची नळी परत जोडली, मी पैसे दिले आणि घराकडे वळले.

पुलाच्या अलीकडे तेच दोन झटके. तीच शांतता. रस्ता कोरडा ठणठणीत.

एका मुलाने त्याच्या स्कूटरवर बसून माझ्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला पाय लावला आणि ढकलत ढकलत मला कळवा नाक्यापर्यंत आणलं. तिथून पुढे मी हाताने ढकलत नेली. त्याचं नावही विचारायचं राहिलं, त्याची चुटपुट अजून आहे.

रात्री जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, “पहिल्यापासून सांग. काहीही गाळू नकोस.” मी सांगायला लागले. घरून निघाले, कळवा नाका, विटावा गाव, तिथे गाडीने जरा गचका दिला, रिझर्व्हवर टाकली, मग पूल...

“रिझर्व्हवर कधी टाकलीस?”

मी दिवसभर चार माणसांना हकिकत सांगितली होती आणि एकालाही हे सांगितलं नव्हतं. गुडघ्याजवळचा पेट्रोलचा कॉक डाव्या हाताने फिरवणं हे माझ्यासाठी पापणी लवण्यासारखं झालेलं आहे, ते लक्षातच राहत नाही. पण घडलं होतं. पुलाच्या तीनचारशे मीटर अलीकडे.

कॉकची रचना साधी आहे. टाकीच्या तळाला तो बसतो आणि त्यातून एक बारीक नळी आत, वर उभी असते. कॉक ‘ऑन’वर असला की पेट्रोल त्या उभ्या नळीच्या तोंडातून येतं, म्हणजे तळापासून काही सेंटिमीटर वरून. पातळी त्या तोंडाखाली गेली की गाडी गचके देते. मग ‘रिझर्व्ह’वर टाकायचं, तेव्हा थेट तळाचं भोक उघडतं. टाकीच्या अगदी बुडाशी जे काही असेल ते तेव्हाच खाली यायला लागतं, त्याआधी नाही.

मग मी हिशेब केला. गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला २२ मिलिलिटर, चारशे मीटरला नऊ. नळीत आणि वाटीत शिल्लक असलेलं चांगलं पेट्रोल सकाळी तेवढंच पुरलं. दुपारी काकांच्या बाटलीतलं पेट्रोल वाटीत उरलं होतं, ते गॅरेजपासून पुलापर्यंत पुरलं. तेही जवळपास तेवढंच अंतर. आणि कॉक दोन्ही वेळा रिझर्व्हवरच. बाटलीवर गाडी पाच मिनिटं उत्तम चालली होती, टाकीवर चालली नव्हती. तपासणी दुपारीच झाली होती, रिपोर्ट आमच्या समोर होता, आणि आम्ही दोघांनीही तो वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी खाली मोकळ्या जागेत गाडी लावली. मोबाईल वर ठेवला, शेजारच्या काकूंची उदबत्ती विझेपर्यंत थांबले. कोकम सरबताची रिकामी काचेची बाटली धुऊन वाळवलेली होती. बाबा खुर्ची घेऊन बसले. त्यांनी बाटली धरली, मी कॉकची नळी तिच्यात सोडली आणि रिझर्व्ह उघडलं.

पहिल्यांदा आलं ते किंचित गढूळ, मग स्वच्छ. बाटली भरली, पाच मिनिटं तशीच ठेवली. आणि मग तळापासून पाव बाटलीच्या उंचीवर एक रेघ उमटली. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ट्यूब गरागरा फिरवणाऱ्या मशीनमधून, ट्यूब बाहेर काढल्यावर रक्तपेशी खाली आणि सिरम वर अशी जी आडवी, स्पष्ट रेघ दिसते ना, तशी. मी रोज शंभर वेळा ती रेघ बघते. माझ्या गाडीच्या पेट्रोलमध्ये बघेन असं कधी वाटलं नव्हतं. बाटली तिरकी केली की रेघही तिरकी व्हायची नाही, आडवीच राहायची. बाबांनी खिशातलं शाईचं पेन दिलं. निळ्या शाईचे दोन थेंब टाकले. वरच्या थरातून ते मण्यांसारखे सरळ खाली गेले, तिथे एक डागही पडला नाही, आणि खालच्या थरात पोचताच उमलले. खालचा थर पूर्ण निळा झाला. पेट्रोलमध्ये शाई मिसळत नाही, पाण्यात मिसळते.

पण खालचा थर नुसतं पाणी नव्हता. त्याचा थोडा भाग वेगळा काढून हाताने वास पुढे ओढून घेतला आणि आदल्या दिवशीचा तो प्लगचा वास ओळखला. पेट्रोलच्या वासाखाली स्पिरिटचा वास होता. इंजेक्शनआधी दंडाला चोळतो त्या कापसाचा.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसापासून, मक्यापासून केलेलं. इथेनॉल पेट्रोलमध्येही विरघळतं आणि पाण्यातही, पण ओढ पाण्याकडे जास्त. टाकीत पाणी अगदी थोडं शिरलं तर इथेनॉल ते आपल्यात सामावून घेतं आणि गाडी ते जाळूनही टाकते, कळतसुद्धा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की उलटं होतं. पाणीच इथेनॉलला पेट्रोलमधून ओढून काढतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. त्यामुळे शंभर मिलि पाणी शिरलं तरी खालचा थर शंभर मिलिचा राहत नाही, कितीतरी मोठा होतो. याची खात्री मी नंतर करून घेतली. पंपावरून आणलेलं ९० मिलि ताजं पेट्रोल प्लास्टिकच्या मोजपात्रात घेतलं, त्यात १० मिलि पाणी घालून हलवलं. खालचा थर १० वर थांबला नाही, २८ च्या आसपास गेला. जास्तीचे अठरा इथेनॉलचे.

तो थर कार्बोरेटरमध्ये उतरला की काय होतं? तो जड, म्हणून वाटीतही तळाशी जातो, आणि मेन जेट तिथेच खाली असतं. पेट्रोल जळायला साधारण १४.७ पट हवा लागते, वजनाच्या हिशेबाने. इथेनॉलला ९ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल बरंच जास्त द्यावं लागतं, आणि जेटचं भोक तर पेट्रोलच्या मापाचं. वर त्यात पाणी. ठिणगी निळी, दाब उत्तम, प्लग ओला, आणि तरी एखादी उबळ येऊन सगळं थंड. सगळी लक्षणं जुळली.

आता उरला प्रश्न, पाणी शिरलं कुठून? पुलाखालचं पाणी टाकीत शिरू शकत नाही, टाकी माझ्या कमरेच्या वर आहे. बाबांनी झाकणाकडे बोट दाखवलं.

माझ्या गाडीचं झाकण टाकीत सपाट बसणारं आहे, किल्ली लावून उघडायचं. त्याच्याभोवती एक खोलगट कडं असतं. पाऊस पडला की त्यात पाणी साचणारच. म्हणून त्या कड्यात एक बारीक भोक दिलेलं असतं. त्यातून नळी टाकीच्या आरपार जाते आणि पुढे रबरी पाइप होऊन इंजिनाच्या मागून जमिनीकडे सुटते. मी चौदा वर्षं ही गाडी पुसते, झाकण हजारदा उघडलं असेल, त्या भोकाकडे कधी लक्ष दिलं नाही. उघडून बघितलं तर कड्यात पाणी होतं. रबरी सीलच्या काठापर्यंत.

वरून तार घातली, ती अडकली. मग खालच्या रबरी पाइपचं तोंड बघितलं. ते मातीने लिंपून बंद होतं, गुळगुळीत, कुणी बोटाने बुजवावं तसं. कुंभारीण माशीचं काम. मे महिन्यात मी पंधरा दिवस गावी गेले होते, तेव्हा गाडी जिन्याखाली उभी होती. तिने तिथे घर केलं असणार. त्यावर जूनपासूनची धूळ आणि चिखल. म्हणजे दीड महिना प्रत्येक सरीला कड्यात पाणी साचत होतं आणि मी पेट्रोल भरायला झाकण उघडलं की घोट घोट आत जात होतं. गेले दोन आठवडे गाडी सकाळी पहिल्यांदा अडखळायची, ती याचीच खूण होती. मी चोक थोडा जास्त ओढून वेळ मारून नेत होते.

पुढचं काम सरळ होतं. टाकी उतरवली, सगळं रिकामं केलं, थोडं ताजं पेट्रोल घालून दोनदा खळबळली, कॉकची जाळी काढून धुतली. कार्बोरेटरच्या वाटीखाली निचऱ्याचा स्क्रू असतो, तो सोडून वाटी रिकामी केली. या वेळी जमिनीवर नाही, भांड्यात धरून. क्लचच्या जुन्या केबलची एक तार सुटी करून झाकणाच्या भोकातून पार केली, पाइपमधून मातीचा गोळा बाहेर आला. प्लगच्या टोकांमधलं अंतर फीलर गेजच्या पातळ पट्टीने बघितलं, पुस्तिकेत दिलंय तेवढंच होतं. दोन लिटर नवं पेट्रोल, कॉक ‘ऑन’वर, अर्धा चोक. दुसऱ्या किकला सुरू झाली. मग मुद्दाम रिझर्व्हवर टाकली आणि तशीच अर्धा तास चालवली, पारसिक नगरपर्यंत जाऊन आले.

काढलेलं पेट्रोल गटारात ओतलं नाही. शनिवारी डबा घेऊन काकांच्या गॅरेजवर गेले. ती बाटलीही नेली, निळा थर दाखवायला. काकांनी ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली. “आम्ही वाटी जमिनीवर ओततो ना ताई,” ते म्हणाले, “ती काचेत ओतायला पाहिजे.” त्यांनी वरचं पेट्रोल चेन धुवायला ठेवून घेतलं. प्लगचे पैसे परत देत होते, मी घेतले नाहीत, प्लग तर मी वापरतेच आहे. त्यानंतर एकदा जाताना बघितलं, बाकड्यावर काचेची एक बरणी ठेवलेली होती.

आता जोराचा पाऊस होऊन गेला की मी खाली उतरून झाकणाच्या कड्यात फुलपात्रभर पाणी ओतते. बाबा वर गॅलरीत उभे असतात, त्यांना तिथून गाडीची खालची बाजू दिसते. मी ओतते आणि वर बघते. काल संध्याकाळी चार मोजायच्या आत स्टँडजवळची फरशी ओली झाली. त्यांनी हात वर केला आणि मी झाकण लावलं.